सोनारवर प्रकल्प: आर्क्टिक घ्यावा की कोकणचा समुद्र?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात भौतिकशास्त्राची एमएस्सी करताना पाणबुडी आणि सोनारच्या (पाण्यात ध्वनीने वस्तू शोधायच्या तंत्राच्या) जवळचा विषय हवा असेल, तर हे दोन पर्याय. गंमत म्हणजे घरापुढच्या समुद्रापेक्षा आर्क्टिकचा डेटा मिळणं सोपं आहे.

आर्क्टिकमध्ये सर्वांत थंड पाणी वर असतं. ध्वनी थंड पाण्याकडे वळतो, म्हणून इथे तो वर वळतो, बर्फाच्या खडबडीत तळावर पुन्हा पुन्हा आपटतो आणि विरतो. अलास्का-कॅनडाच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रात मात्र प्रशांत महासागराकडून येणारा कोमट थर ठळक झालाय. त्याच्याखाली, साधारण १०० ते २०० मीटरवर, काहीशे हर्ट्झचा आवाज बर्फाला न शिवता दूरवर जातो. लपायला आणि ऐकायला कुठली खोली बरी, याची जुनी गणितं त्यामुळे बदलतात.

अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेचे बर्फाला टांगलेले प्रोफायलर (पाण्यात वर-खाली जात मोजणारी उपकरणं) २००४ पासून तापमान आणि क्षारता मोजतायत, डेटा फुकट. त्यावरून ध्वनिवेग काढा आणि ध्वनीचा मार्ग काढणाऱ्या बेलहॉप प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा स्रोत एकदा ५० आणि एकदा १५० मीटरवर ठेवून पाहा. इथे हमखास फसतं ते ध्वनिवेगाचं मॅकेन्झीचं सूत्र: ते २ अंश सेल्सियसच्या वरच लागू पडतं आणि आर्क्टिकचं पाणी शून्याखालीही असतं. त्याऐवजी टीईओएस-१० ही समुद्राच्या पाण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण समीकरणं वापरा. बर्फाचा तळ गुळगुळीत धरलात, तर आवाज खोटाच लांब पोहोचतो.

स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवरच्या 'हिमाद्री' या भारतीय संशोधन केंद्रावर जायला मिळेल म्हणून आर्क्टिक निवडू नका. जागा मोजक्या, आणि १९२०च्या करारानुसार स्वालबार्डचा युद्धाच्या कारणासाठी वापर करता येत नाही. तिथलं काम नागरी विज्ञानाचं.

कोकणात मार्च ते मे वारा पडला की दुपारी वरचं पाणी तापतं, ध्वनी खाली वळतो आणि सकाळी चाललेल्या सोनारचा पल्ला घटतो. विषय झकास, पण डेटा तुम्हीच गोळा करायचा. आर्गो फ्लोट (समुद्रात तरंगत आपोआप मोजणी करणारी उपकरणं) उथळ किनारपट्टीवर सहसा येत नाहीत. सीटीडी (क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) आधी मिनिटभर पृष्ठभागाखाली धरा, मग सोडा. उतरतानाचीच नोंद घ्या, चढताना उपकरण स्वतःच पाणी ढवळतं. हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) लावताना इंजिन बंद, दोरीत रबरी तुकडा, नाहीतर होडीचे हिसकेच रेकॉर्ड होतात. काही किलोहर्ट्झच्या वर कोळंबीची कडकड असतेच. उपकरण पाण्यात ठेवून आलात, तर ट्रॉलचं जाळं ते ओढून नेईल किंवा सेन्सरवर बार्नॅकल (कवचाचे चिकटणारे समुद्री जीव) चढतील. पावसाळ्यात सगळं ठप्प.

एका सत्राचा प्रकल्प असेल तर डोळे मिटून आर्क्टिक घ्या. पीएचडीसाठी कोकण, पण होडीचा खर्च आणि मोजणीची परवानगी आधी पक्की करा.