लोन सेटलमेंट कंपन्या: पाचपैकी एक तारा

‘कर्ज निम्म्यात मिटवतो, वसुलीवाल्यांचे फोन बंद करतो’ असं सांगणाऱ्या लोन सेटलमेंट कंपन्यांची सेवा पैसे मोजून घ्यावी अशी नाही. एक तारा दिलाय तो बँकेशी पत्रव्यवहार बरा करतात म्हणून. या धंद्याला रिझर्व्ह बँकेचा कुठलाही परवाना नसतो, त्यामुळे ‘आरबीआय मान्यताप्राप्त’ असा बोर्ड दिसला तर तिथूनच परत फिरा.

आधी फी. नोंदणीचे पैसे, दरमहा वर्गणी आणि शेवटी टक्केवारी, वर १८ टक्के जीएसटी. टक्केवारी वाचलेल्या रकमेवर आहे की मूळ थकबाकीवर, ते करारात शोधा. समजा ४ लाखांची थकबाकी २ लाखांत मिटली आणि फी थकबाकीच्या १५ टक्के आहे. म्हणजे ६०,००० रुपये, अधिक १०,८०० जीएसटी. सुटलेल्या २ लाखांतले ७०,८०० सल्लागाराने नेले, वर्गणी वेगळीच.

पण फीपेक्षा वाईट आहे तो पहिला सल्ला: ‘हप्ते भरणं थांबवा.’ हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत कर्ज, होतं आणि त्याआधी बँक सहसा तडजोडीचं बोलत नाही, म्हणून हा सल्ला. ज्याचा पगार चालू आहे आणि ज्याला फक्त मुदत वाढवून हवी होती, त्यालाही तोच. तोवर दर महिन्याला ऑटो-डेबिट बाउन्स होतं, त्याचा दंड लागतो, व्याज चढतं. खात्यात पैसे नाहीत म्हणून ऑटो-डेबिट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. चेक बाउन्सच्या कलम १३८ सारखंच हे कलम: नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे, नाहीतर केस. आणि इथेच कंपनीची सर्वात लोकप्रिय सोय गळ्याशी येते. तुमचे कॉल त्यांच्या नंबरवर वळवलेले, नोटिशीचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअॅपवर टाकून तुम्ही निर्धास्त. ते १५ दिवस कोणाच्या टेबलावर गेले हे नंतर कोणी सांगत नाही. आरोपी म्हणून नाव मात्र तुमचंच लागतं.

सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीत मिटलं) असा शेरा बसतो, हेही सही घेताना सांगत नाहीत. त्याच बँकेकडून पुन्हा कर्ज हवं असेल तर शेतीकर्ज सोडून बाकी कर्जांना किमान १२ महिने थांबावं लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा जून २०२३ चा नियम आहे. पैसे घेऊन ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ देणारे तर सरळ फसवे. त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

याच्या तुलनेत जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेचं) आर्थिक साक्षरता केंद्र (पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र, कोल्हापुरात बँक ऑफ इंडिया) पूर्ण मोफत. साडेतीन तारे. अर्धं लक्ष गावोगावच्या शिबिरांत असतं आणि दुसऱ्या बँकेशी तुमच्या वतीने घासाघीस ते करत नाहीत, म्हणून दीड कापला. पण समोर बसून कुठलं कर्ज आधी फेडायचं हे मांडून देणारा माणूस मिळाला तर तेच निम्मं काम. जाताना मंजुरीपत्रं, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि क्रेडिट रिपोर्ट न्या. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून (सिबिल त्यांतलाच एक) तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. चांगला सल्लागार आधी व्याजदर विचारतो, कार्डाचं महिना ३-३.५ टक्क्यांचं देणं सर्वात वर लिहितो आणि पुनर्रचनेचा (हप्ता किंवा मुदत बदलून मागण्याचा) अर्ज बँकेला हप्ता चुकण्याआधी द्यायला लावतो.

वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन केला तर वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, चौकशीला १४४४८. मात्र सेटलमेंटचा आकडा लोकपाल ठरवून देत नाही. त्यासाठी लोकअदालत बरी, तिथेही फी नाही. तिच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा दोनदा वाचा.

तडजोड करायचीच असेल तर पैसे देण्याआधी बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र हातात घ्या: कर्जखाते क्रमांक, एकूण रक्कम, शेवटची तारीख आणि ‘यानंतर येणे बाकी नाही’ असं वाक्य. शाखेत जाऊन ते खरं आहे का विचारा, कारण खोटी पत्रं फिरतात. पैसे फक्त कर्जखात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. नंतर नो-ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचं प्रमाणपत्र, घ्या. रिपोर्टमध्ये थकबाकी तशीच दिसली तर ब्युरोकडे तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, ती मागून घ्या.