नवा शाफ्ट म्हणून माझाच जुना शाफ्ट: जुन्या जिप्सीवाल्यांनो, गाडीखाली वाकून बघा

ज्यांच्याकडे जुनी जिप्सी आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी गाडीखालची फिरती नळी, बदलला म्हणून माझ्याकडून साडेअकरा हजार घेतले आणि काळा रंग मारून माझाच जुना शाफ्ट परत लावला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण करतात कसं ते सांगतो, कारण हाच खेळ बोलेरो, कमांडर, जुनी थार, कुठल्याही गाडीवर करता येतो.

गाडी राजापूर तालुक्यात, कलमांच्या बागेत जायला-यायला. सड्यावरचा कातळ, पावसात वहाळातून गाडी घालणं, हंगामात मागे आंब्याच्या पेट्या. अशा वापरात शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांना असलेले कोनात फिरू देणारे सांधे, जाणारच, त्याबद्दल तक्रार नाही. क्लच सोडला की खालून ‘टक्’, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा ‘टक्’. कोल्हापूरला काम होतं, तेव्हा हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजात दाखवली.

मालकाने गाडी रॅम्पवर घेतली, शाफ्ट हाताने हलवून दाखवला. प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता, ते खरं. मग सुरू झालं. “काका, नुसते क्रॉस टाकून उपयोग न्हाई. स्प्लाइन पार गेल्यात. जिप्सी बंद झाली, कंपनीचा माल येतोय कुठं आता? माझ्याकडं मिलिटरीच्या लॉटमधला एकच पीस हाय, नवाकोरा. उद्या दुसरं गिऱ्हाईक नेणार.”

स्प्लाइन म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकवून अडकवणारे दात. यातली मेख बघा. सामान्य ग्राहकांसाठीची जिप्सी २०१९ च्या सुमारास बंद झाली, हे खरं. लष्कराने ही गाडी वर्षानुवर्षं वापरली आणि तिथून निघालेला माल लिलावातून बाजारात येतो, हेही खरं. या दोन खऱ्यांच्या आड तिसरं खोटं सहज खपून जातं. जुनी गाडी ठेवणारा माणूस पार्ट मिळत नाही या धास्तीतच असतो, आणि तीच नस यांना बरोबर सापडलेली असते.

“तासाभराचं काम न्हाई, संध्याकाळी या,” म्हणाला. संध्याकाळी गेलो तर गाडी रॅम्पवरून खाली, धुऊनपुसून तयार. वाकून बघितलं तर काळाकुळकुळीत शाफ्ट चमकतोय. जुना कुठे विचारलं, तर “भंगारवाला आत्ताच घेऊन गेला की.” बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ छापलेल्या पॅडवर ‘नवीन शाफ्ट, बॅलन्सिंग, मजुरी’ असं लिहून दिलं. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. पैसे यूपीआयने दिले, त्याचा पुढे उपयोग झाला.

परतीच्या वाटेवर अणुस्कुरा घाट उतरेपर्यंत काही जाणवलं नाही, तिथे वेग असतोच किती? खाली सरळ रस्त्याला साठच्या पुढे काटा गेला आणि पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. आधी नुसता आवाज होता, आता कंपनही. फोन केला तर उत्तर तयार: “नवा माल हाय काका, बसायला वेळ लागतो. हजारेक किलोमीटर पळवा.” हे लक्षात ठेवा. शाफ्ट ‘बसत’ वगैरे नाही. बरोबर जोडलेला, बॅलन्स केलेला शाफ्ट पहिल्या किलोमीटरपासून गुळगुळीत फिरतो. कंपन घेऊन गाडी पळवत राहिलात तर गिअरबॉक्सचे आणि मागच्या डिफरन्शिअलचे बेअरिंग, ऑइल सील यांचा निकाल लागतो.

गावातल्या आमच्या मेस्त्रीकडे नेली. हा माणूस गाडी कधीपासून ओळखतो. चाकांना दगड लावले, खाली सरकला, आणि बराच वेळ काही बोलेचना. मग रॉकेलचा बोळा आणि पॉलिश पेपर मागितला. स्लाइडिंग योक, म्हणजे क्रॉस धरणारा आणि स्प्लाइनवर मागेपुढे सरकणारा दुबेळक्यासारखा तुकडा, त्याच्या शेजारी रंग घासला तशी लोखंडात दोन बारीक खड्डे दिसायला लागले, रंगाने बुजलेले. “काका, हा माझाच पंच हाय.” मागे त्याने शाफ्ट उतरवला होता तेव्हा सेंटर पंचाने एक ठिपका योकवर आणि त्याच्या समोर एक नळीवर मारला होता. पुढे घासत गेला तर कातळावर आपटून पडलेला पोचाही मिळाला. तो पोचा कुठल्या वळणावर पडला हे मी झोपेतही सांगेन.

मौज अशी की ते दोन ठिपके आता समोरासमोर नव्हते. कंपनाचं मूळ तिथेच होतं. शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतात. कोनात फिरताना पहिला क्रॉस प्रत्येक फेऱ्यात शाफ्टला दोनदा जलद आणि दोनदा मंद करतो, आणि दुसरा तेवढंच उलटं करून हिशेब मिटवतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत. स्प्लाइन काढून चुकीच्या दातावर घातली की हिशेब पुरता मिटत नाही, उलट वाढूही शकतो. म्हणजे रंगाच्या घाईत त्यांनी शाफ्ट उघडला आणि धड जोडलाही नाही. चोरीतसुद्धा हलगर्जीपणा!

बॅलन्सिंगचे पैसे घेतले होते, पण ते केल्याची कुठलीच खूण नाही. बॅलन्स करताना नळीवर लोखंडाच्या छोट्या पट्ट्या वेल्ड करतात, त्या ताज्या असल्या की लगेच ओळखू येतात. माझ्या शाफ्टवर होत्या त्या जुन्या, गंजलेल्या, रंगाखाली. क्रॉस तेवढे नवे टाकलेले, तेही बिननावाचे, आणि ग्रीसच्या निप्पलवर रंगाचा थर. त्या निप्पलमध्ये ग्रीस गन लागलीच नव्हती हे सांगायला मेस्त्री कशाला हवा?

तेव्हा शाफ्ट बदलायला देताना आधी नळीवर, योकवर स्वतःची खूण करा आणि मोबाईलवर फोटो काढा. जुना पार्ट डिकीत टाकूनच घरी न्यायचा, हे काम सुरू होण्याआधी बोला. त्यावर गॅरेजवाल्याचा चेहरा कसा होतो ते बघा, निम्मं तिथेच कळतं. ‘स्प्लाइन गेली’ म्हणाला तर शाफ्ट खाली काढून, योक हातात धरून उलटसुलट पिळून दाखवायला सांगा. क्रॉस गेला असेल तर त्याच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसते, ग्रीस संपून वाटीतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या घासल्याची ती खूण. बिलावर जीएसटी नंबर मागा. तो पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग पंचाचे फोटो, एस्टिमेटचं पान आणि यूपीआयची नोंद जोडून स्पीड पोस्टाने नोटीस धाडली. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. नोटीस पोचल्यावर मालकाचा फोन आला. आवाजातली गुर्मी गेलेली. “काका, पोराची चूक झाली, चार हजार पाठवतो, मिटवून टाका.” मी पूर्ण रक्कम मागितली आहे.

आणि तो मूळचा ‘टक्’? जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असते, त्यामुळे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये आणखी एक आखूड शाफ्ट असतो. त्याचा एक क्रॉस खुळखुळा झाला होता. रॅम्पवर गाडी असताना तिकडे कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मेस्त्रीने तो बदलला, मागचा शाफ्ट ठिपक्याला ठिपका जुळवून पुन्हा बसवला. क्रॉस आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं. मागच्या शाफ्टची स्प्लाइन त्याने मला हातात देऊन पिळायला लावली. तिला काहीही झालेलं नाही.