‘रॉकेट ८८’ स्वच्छ करून बिघडवणारा सीडी संच

मी स्पीकर दुरुस्त करतो. गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, “आवाज फाटतोय.” तो फाटका आवाज घालवायचे मला पैसे मिळतात. पण एका गाण्यातला फाटका आवाज मला जिवापाड आवडतो आणि नेमका तोच या संचात पुसून टाकलाय, म्हणून हे लिहितोय.

संच दोन सीडींचा आहे, रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या काळातल्या गाण्यांचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. युरोपात १९६३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं हक्कमुक्त झाल्यामुळे असे संच पुष्कळ जण काढतात आणि मी सांगतोय ते यातला कुठलाही संच घेताना तपासावं असंच आहे.

आधी चांगलं सांगतो. गाण्यांचा क्रम लावणाऱ्या माणसाला कान आहे. जिमी लिगिन्सचं १९४७ चं ‘कॅडिलॅक बूगी’, त्याला लागूनच १९५१ चं ‘रॉकेट ८८’, आणि मग त्याच वर्षी बिल हेलीनं गायलेलं ‘रॉकेट ८८’. तिन्ही सलग ऐकली की गाणं कुठून आलं नि कुठे गेलं ते कुणी समजावून सांगायला नको. कॅडिलॅक जाऊन ओल्ड्समोबिलची ‘रॉकेट ८८’ ही नवी गाडी आली, पण चाल ओळखीचीच. १९५१ चं मूळ ‘रॉकेट ८८’ गाणाऱ्या जॅकी ब्रेन्स्टननं ही उसनवारी कधी लपवली नाही. हेलीचं गाणं नीटनेटकं आहे, मलाही आवडतं, पण त्यात ती गिटार नाही.

त्या गिटारची गोष्ट अशी. मार्च १९५१ मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून आइक टर्नरचा ‘किंग्ज ऑफ रिदम’ हा वाद्यवृंद हायवे ६१ नं मेम्फिसला निघाला. आइक तेव्हा एकोणीस वर्षांचा. ७०६, युनियन अव्हेन्यूवर सॅम फिलिप्सचा छोटासा स्टुडिओ होता, तिथे ध्वनिमुद्रण ठरलं होतं. वाटेत गिटारवादक विली किझार्टचा अँप्लिफायर बिघडला. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं डिकीत पावसाचं पाणी शिरलं. काही असो, स्पीकरचा कोन, म्हणजे आवाज काढणारा आतला कागदी पडदा, गेला होता. फिलिप्सनं दुरुस्तीची वाट न बघता त्यात कागद कोंबला आणि तसंच वाजवायला लावलं.

हे मी हातानं करून पाहिलंय. फाटलेला कोन मोकळा सोडला तर नुसता फडफडतो, सूर हातीच लागत नाही. मागून कागदाचा बोळा अलगद दाबला की फडफड आवरते, पण खरखर राहते, आणि त्या खरखरीतून सूर जाडजूड होऊन बाहेर पडतो. बोळा जास्त दाबला तर आवाज मरतो. मधे बोटभर जागा असते, तेवढ्यातच ती जादू. किझार्टची गिटार खालच्या सुरांत बूगीची तालदार चाल वाजवत राहते आणि लांबून सॅक्सोफोन गुरगुरावा तशी ऐकू येते. फिलिप्सलाही ती तशीच वाटली होती.

या संचात ही गुरगुर गेलीय. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीची खरखर काढायला सॉफ्टवेअर वापरलंय, आणि सॉफ्टवेअरला तबकडीची खरखर कुठली नि किझार्टच्या स्पीकरची कुठली हे कळत नाही. दोन्ही वरच्या पट्टीपर्यंत पसरलेल्या असतात, मग दोन्ही एकदमच छाटल्या जातात. उरते एक बुळबुळीत, गोल गिटार. रेमंड हिलच्या टेनर सॅक्सची धारही बोथट झालीय. माझ्याकडे याच गाण्याची एक जुनी सीडी आहे, तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुईची चरचर आहे. हेडफोन लावून दोन्ही आलटून पालटून ऐकल्या. चरचरीतही किझार्ट समोर बसल्यासारखा वाटतो.

पुस्तिकेबद्दलही मला राग आहे. तीत लिहिलंय की हे गाणं ‘जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स’ या वाद्यवृंदाचं. चेस कंपनीच्या तबकडीवर तसंच छापलं होतं हे खरं, पण त्या नावाचा वाद्यवृंद तेव्हा नव्हताच. ब्रेन्स्टन हा टर्नरच्या वाद्यवृंदातला सॅक्सोफोनवाला, त्या दिवशी तो गायला इतकंच. गाणं जूनमध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पियानो वाजवणाऱ्या, सगळी मंडळी बांधून आणणाऱ्या आइकचं नाव तबकडीवर कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांनी पुस्तिका छापताना हे दोन ओळींत दुरुस्त करता आलं असतं. त्याऐवजी हे पहिलं रॉक अँड रोल गाणं की नाही यावर अख्खं पान खर्च केलंय. तो वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

असा संच घ्यायचा असेल तर आधी ‘रॉकेट ८८’चा नमुना हेडफोनवर ऐका. गाणारा सुरू झाला की त्याच्याकडे लक्ष देऊ नका, खालची गिटार पकडा. ती खरखरत असेल, आणि शब्द थांबतात तिथेही मागची सुईची चरचर एकसारखी चालू असेल, तर खुशाल घ्या. शब्दांच्या मधे एकदम गुळगुळीत शांतता पडत असेल तर ती सफाई गिटारलाही लागलेली असणार.

संच परत पाठवत नाहीये. ‘कॅडिलॅक बूगी’ माझ्याकडे दुसरीकडे नाही. ते इथलं ऐकतो, मग सीडी बदलतो आणि ‘रॉकेट ८८’ चरचरीसकट लावतो.