राजारामपुरीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान: निदानाला पैकीच्या पैकी

कामाला पाचपैकी पाच, बोलण्याचालण्याला चार, बसायच्या सोयीला एक. दुकानाचं नाव लिहू का म्हणून मालकांनाच विचारलं, तर म्हणाले, "नको काकू, आत्ताच हात पुरंनात." म्हणून नाव नाही. राजारामपुरीतल्या आतल्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून वर, एवढ्यावर भागवा. कोल्हापूरकरांनी दोघांना विचारलं तर तिसरा माणूस जिन्यापर्यंत सोडून येईल.

मी घरूनच लोकांची आयकर रिटर्न भरून देते. शिक्षक, पेन्शनर, एकदोन डॉक्टर. २०२५ला रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत गेली होती (शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढली, पण तोवर जायचं तेवढं रक्त आटून गेलं होतं). आणि नेमकं सप्टेंबर उजाडताना माझ्या कॉम्प्युटरने अंग टाकलं. म्हणजे चालू व्हायचा, टॅली चालायचं, एक्सेल चालायचं, पण आयकराचं पोर्टल उघडलं की लाल चिन्ह आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. बँक उघडली तरी तेच. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये मात्र सगळं सुरळीत, म्हणजे नेटचा दोष नव्हता. खाली बारीक अक्षरात 'नेट एरर सर्ट डेट इनव्हॅलिड' अशी ओळ. कधीकधी क्रोम सरळच सांगायचा की तुमचं घड्याळ मागे आहे, आणि खरंच कोपऱ्यात जानेवारी २०१७ असायचं. मी हाताने तारीख दुरुस्त करायची, दिवसभर काम व्हायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जानेवारी २०१७.

शिवाय विंडोजचे अपडेट अडकलेले. 'अपडेट करता आले नाही', आणि समोर शून्य-एक्स-८००७२एफ८एफ असलं काहीतरी. तारीख नीट केली तरी हे हटत नव्हतं, फक्त आकडा बदलायचा.

आधी घरी येऊन दुरुस्ती करणारी एक सेवा बोलावली होती. तिचं नाव घेत नाही. आलेल्या मुलाने तारीख दुरुस्त केली, जी मी रोजच करत होते. मग एक अँटिव्हायरस गळ्यात मारला. "तरी नाही झालं तर फॉरमॅट मारावा लागंल, विंडोज नवीन टाकून देतो, दीड हजार." लायसनचं काय, असं विचारलं तर हसला. जाताना एक धडाही देऊन गेला: लाल पान आलं की खाली 'ॲडव्हान्स्ड' दाबायचं आणि 'तरीही पुढे जा' करायचं. लोकांचे पॅन, आधार आणि बँक खाती ज्या मशीनमध्ये आहेत तिथे हा सल्ला! बरं, मोठ्या बँकांच्या साइटवर बऱ्याचदा ते 'पुढे जा' बटण मिळतच नाही. साइटनेच ब्राउझरला बजावून ठेवलेलं असतं की खात्री पटल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. चांगलंच आहे ते.

तर मग सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षाने राजारामपुरी.

वर गेल्यावर दिसतं ते असं: दहा बाय बाराची खोली, भिंतीला उघडी पडलेली मशीनं, एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात स्क्रू, आणि गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल, तेही डुगडुगतं. मालक पन्नाशीचे, हाताखाली एक पोरगा, पंचविशीचा असेल. माझं काम पोराकडे आलं. मी सगळी कहाणी सुरू केली, त्याने मध्येच थांबवून एकच विचारलं: "काकू, रात्री भिंतीवरचं बटण बंद करतासा काय?"

करतो की. आमच्याकडे रात्री सगळी बटणं बंद करायची शिस्त आहे, ह्यांचा नियमच आहे तो.

"मग सेल गेलाय."

मशीन टेबलावर आडवं करून त्याने बाजूचा पत्रा काढला. आत धूळ इतकी की मला लाज वाटावी, पण तो काही बोलला नाही, ब्रशने झटकली. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल होता, सीआर२०३२. कडेची छोटी पट्टी नखाने दाबली की तो उडून वर येतो. मीटर लावून मला दाखवला. तीन व्होल्टचा सेल, आकडा दोनच्याही खाली. भिंतीवरचं बटण चालू असलं की मशीनला आतून थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालतं, बटण बंद झालं की सगळा भार या सेलवर. सेल मेला की घड्याळ मदरबोर्डच्या मूळ तारखेला जाऊन बसतं. माझ्या बोर्डाची ती तारीख जानेवारी २०१७ची.

घड्याळाचा आणि बँकेच्या साइटचा काय संबंध, हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. या पोराने सांगितलं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि ती तारीख आपला कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. पुढच्या महिन्याचा एसटीचा पास आज दाखवला तर कंडक्टर खाली उतरवणारच, पास कितीही खरा असला तरी. सप्टेंबर २०२०पासून अशी नवी प्रमाणपत्रं ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची चालत नाहीत, फुकट मिळणारी तर पुष्कळशी ९० दिवसांचीच असतात. म्हणजे घड्याळ वर्ष-दीड वर्ष जरी मागे गेलं तरी आजची जवळजवळ सगळीच प्रमाणपत्रं त्याला 'अजून सुरू न झालेली' दिसतात.

मी म्हटलं, पण विंडोज नेटवरून वेळ आपोआप जुळवतं ना? जुळवतं, पण घरगुती मशीनवर त्या सेवेला मुळात १५ तासांची मर्यादा असते. फरक त्याहून मोठा असला की ती हात लावत नाही, कारण एवढा फरक म्हणजे काहीतरी घोळ आहे असं धरते. माझा फरक आठ वर्षांचा.

माझं चालू असतानाच दुसरं एक गिऱ्हाईक आलं, त्यांच्या लॅपटॉपचं घड्याळ सारखं साडेबारा तास मागे जायचं. त्यांच्यात सेलचा दोष नव्हता, वेळेचा विभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा लागला होता. ते हाताने कोल्हापूरची वेळ लावायचे, नेट लागलं की विंडोज इमानदारीने तिकडची वेळ लावायचं. पोराने उभ्याउभ्या भारताची वेळ निवडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. हे मला आवडलं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

सेल बदलला, बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख लावली, मशीन चालू केलं. पोर्टल उघडलं. मी उठायला लागले, तर म्हणाला, "बसा की, अजून एक बघायचंय." आणि खरी गंमत इथे झाली. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडे पूर्वी कुलूप असायचं, आता दोन सरकत्या पट्ट्यांचं चिन्ह असतं. ते दाबून, 'कनेक्शन सुरक्षित आहे', मग प्रमाणपत्र, असं करत तो 'कोणी दिलं' या ओळीवर गेला. तिथे प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीचं नाव हवं, होतं त्या गळ्यात मारलेल्या अँटिव्हायरसचं. तीच साइट दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर उघडून शेजारी ठेवली. तिथे नाव वेगळं.

म्हणजे तो अँटिव्हायरस माझ्या आणि बँकेच्या मध्ये बसून, सगळं उघडून वाचून, स्वतःचा शिक्का मारून पुढे पाठवत होता. तपासणीसाठीच करतात म्हणे, त्यात बेकायदा काही नाही, आणि ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते. पण विंडोजच्या अपडेटसारख्या काही सेवा मधल्या माणसाचा शिक्का मानत नाहीत. त्यातून ती आवृत्ती चकटफू चाचणीची आणि मुदत संपत आलेली. त्याने ती काढून टाकली, नुसती 'अनइन्स्टॉल' करून नाही तर त्या कंपनीचंच साफ करायचं साधन उतरवून. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू झाला. घरच्या कामाला तेवढा पुरतो असं त्याचं मत, आणि विकायला त्याच्याकडे कपाटात अँटिव्हायरसची खोकी असताना तो हे म्हणाला.

अपडेटचं काम मात्र चिवट होतं. चुकलेल्या तारखांमध्ये अर्धवट उतरलेल्या फायलींचा ढीग साचला होता. त्याने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली, अपडेटच्या सेवा थांबवल्या, 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' नावाच्या फोल्डरचं नाव बदलून मागे 'ओल्ड' लावलं (पुसलं नाही, हे विशेष), सेवा पुन्हा चालू केल्या. मग 'डिसम'ची आज्ञा, त्यानंतर 'एसएफसी स्कॅननाऊ'. हा क्रम का, तर पहिली विंडोजचं दुरुस्तीचं सामान नीट करते आणि दुसरी ते सामान वापरून बिघडलेल्या फायली बदलते. टक्के वाढता वाढत नव्हते. मी खाली जाऊन चहा घेऊन आले तरी बासष्टवरच होतं. शिवाय सी ड्राइव्हवर जागा नव्हती, तिथे माझ्या जुन्या स्कॅनच्या फायली, त्या डी ड्राइव्हवर हलवल्या. संध्याकाळी अपडेट उतरले.

याची एवढी घाई का होती, तर माझ्या मशीनवरच्या विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा लागतो, त्यामुळे तो रस्ता बंद. घरगुती मशीनसाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, फक्त सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय होती, पण त्यासाठी मशीन विंडोज १०च्या शेवटच्या, २२एच२ आवृत्तीवर आणि ताज्या अपडेटवर हवं. नोंदणीची खिडकी ज्यात नीट झाली तो ऑगस्टचा अपडेटच माझ्याकडे उतरत नव्हता! तो आल्यावर सेटिंगमध्ये नोंदणीचा दुवा दिसू लागला. तीस डॉलर द्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्डचे हजार पॉइंट द्या, नाहीतर सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालू करा, असे तीन पर्याय होते. आम्ही फुकटातला घेतला.

आता तक्रारी. मायक्रोसॉफ्टचं ते खातं काढताना पोराने भराभर पुढे-पुढे करत माझा मोबाइल नंबर टाकला आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती सीपीयूलाच चिकटवली. मी तिथल्या तिथे काढली आणि घरी येऊन पासवर्ड बदलला. दुकानात ठेवून गेलेल्या इतर सगळ्या मशीनांवर अशाच चिठ्ठ्या होत्या, नाव, नंबर आणि पासवर्ड, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील अशा. मालकांना बोलले, ते "होय होय" म्हणाले, पुढे काही होईल असं वाटत नाही. ज्यांच्या मशीनमध्ये दुसऱ्यांची कागदपत्रं आहेत त्यांनी मशीन ठेवून जाऊ नका, त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून काम करून घ्या. दिवस जातो, पण बसू देतात, आणि विचारलं तर काय चाललंय ते सांगतात.

फोन उचलत नाहीत. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि दिलं तेव्हा वहीच्या पानावर. माझ्यासारखीला हे सहन होत नाही, जीएसटी राहू दे, तारीख तरी घाला म्हटलं. तारीख घातली.

सेलचे ४० आणि मजुरीचे ४०० घेतले. मी पाचशेची नोट दिली तर साठ परत केले, 'राहू दे' म्हणून बघितलं तरी. सेल तेवढा नेहमीच्या कंपनीचा मागून घ्या. हलक्यातला सेल वर्षभरात जातो, असं खुद्द पोरगाच म्हणाला.

दुकान अकराच्या आधी उघडत नाही, दुपारी दोन ते चार बंद. जिना वळणाचा आहे, सीपीयू घेऊन चढताना खालच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारा, तो वर आणून देतो.