खरं वय, मोठं वय की पप्पांचं अकाउंट?

मे महिन्यात निपाणीला आत्याकडं सगळी पोरं जमली की पहिल्या तासाभरात एकाच वायफायवर चार फोन लागतात, आणि गेममधल्या चौघांच्याही जन्मतारखा २००० सालच्या आसपासच्या असतात. तारखेचं चाक जोरात फिरवायचं, ते जिथं थांबेल ते आपलं वर्ष. माझ्या पोराचंही असंच झालं. फरक एवढाच की चाक मी फिरवलं होतं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आता अकराचा आहे. मधल्या काळात अकाउंटला खोटं मोठं वय आणि खरं वय, दोन्ही प्रकार करून बघितले, म्हणून लिहितोय.

बापाच्याच अकाउंटवर खेळू देणं हा तिसरा मार्ग आधी बाजूला ठेवतो. पोरगं सहा-सात वर्षांचं असेल आणि तुमच्या शेजारी बसून खेळत असेल तर तो बरा. पण त्या फोनवर तुमचं यूपीआय असतं, तुमच्या मित्रांची यादी असते. नवव्या वर्षी पोराला त्याचे स्वतःचे मित्र हवे असतात. तिथं हा मार्ग आपोआप संपतो.

राहिले दोन. मोठं वय टाकण्यात सोय आहे, ते नाकारत नाही. चॅट, व्हॉइस, रूम, सगळं पहिल्या दिवसापासून चालू. कुणी काही विचारत नाही. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमचंच घ्या. २०२३ च्या मे महिन्यात तो परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी मर्यादा ठरली, शिवाय लहानांसाठी पालकाच्या नंबरवर ओटीपी. मोठं वय टाकलं की ओटीपीची कटकट वाचते. वेळेचं म्हणाल तर अकरा वर्षांच्या पोराला तीन तासही जास्तच. आमच्यात त्यावरून कधी भांडण झालं नाही.

खऱ्या वयाच्या अकाउंटची खोड म्हणजे परवानगी, आणि ती प्रत्येक गेमची वेगळी. फोर्टनाइटमध्ये २०२२ च्या डिसेंबरपासून लहानांसाठी वेगळं अकाउंट आहे. पालकांनी हो म्हणेपर्यंत पोरगं खेळू शकतं, पण व्हॉइस चॅट आणि खरेदी बंद. मला हा मधला मार्ग आवडला. माइनक्राफ्टमध्ये मात्र एकत्र खेळायची परवानगी गेममध्ये शोधून सापडत नाही. ती एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये असते, आणि बदल केल्यावर पोराच्या अकाउंटमधून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. हे ठाऊक असलं तर पाच मिनिटांचं काम, नसलं तर रविवार गेला. मी बेळगावच्या उद्यमबागला वर्कशॉपवर असतो, मशीनवर उभा असताना फोन ड्रॉवरमध्ये. संध्याकाळी उघडला की आजीच्या नंबरवरून आलेले मेसेज दिसायचे: ‘पप्पा, परवानगी द्या की.’ पाच-सहा. सुरुवातीचे पंधरा दिवस असे जातात, मग कमी होतं.

अकाउंट काढताना वयासाठी तेरा हा आकडा सगळीकडं का दिसतो, असं मला बरेच जण विचारतात. तेराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी लागते, असं सांगणाऱ्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून तो आलाय. आपल्याकडं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येक जण मूल धरलाय, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. म्हणजे पुढं परवानग्या वाढतील, कमी होतील असं वाटत नाही.

रोब्लॉक्सनं तर डावच फिरवलाय. जानेवारी २०२६ पासून तिथं चॅट करायचं तर आधी चेहऱ्याच्या व्हिडिओवरून किंवा ओळखपत्रावरून वय तपासून घ्यावं लागतं, आणि मग आपल्या वयाच्या जवळपासच्या गटाशीच बोलता येतं. आता पोराऐवजी बापानं कॅमेऱ्यापुढं चेहरा धरला तर काय होईल? पोरगं मोठ्यांच्या गटात जाऊन बसणार आणि वर्गातल्या मित्रांशीच बोलणं बंद. खोट्या वयाचा जो एक फायदा होता तोच उलटला.

तरीही माझा निर्णय या कशावरून झालेला नाही. तो झाला एका एचवरून.

झालं असं, की दहाव्या वर्षी पोरगं रात्री उशिरापर्यंत कुणा अनोळखी माणसांच्या टीममध्ये खेळताना दिसलं. गेमचं नाव घेत नाही. म्हटलं पालकांचं नियंत्रण लावू. लागेना. गेमच्या लेखी हा पंचविशीतला गडी, त्याला पालक कशाला? मग वय कमी करायला निघालो. मोठं वय टाकायला पाच सेकंद लागली होती, उतरवायला पोराचा जन्मदाखला आणि माझं ओळखपत्र मागितलं, आणि दोन्हींवर माझं नाव जुळायला हवं होतं. माझं आधार कोल्हापूरला नोकरीत असताना काढलेलं, मराठी आणि इंग्रजी. पोराचा दाखला इथला, कानडी आणि इंग्रजी. माझ्या नावात भ आहे. आधारवर त्या भ ला एच आहे, दाखल्यावर नाही. तीन वेळा पाठवलं, तिन्ही वेळा ‘नाव जुळत नाही’ असंच उत्तर आलं. सीमाभागात घरटी एखादा एच असा इकडचा तिकडं झालेला असतो, हे मेलच्या पलीकडच्या माणसाला कसं सांगायचं? रेशनकार्डाला, बँकेला, शाळेला हेच सांगत आलोय, आता गेमलाही.

शेवटी नवं अकाउंट काढलं, खरी तारीख टाकून. तिथं कुणी दाखला मागितला नाही. माझा ईमेल जोडला, एकदा हो म्हटलं, झालं.

तुमचं पोरगं पंधरा-सोळाचं असेल तर कदाचित वेगळं ठरेल. दोन-तीन वर्षांसाठी सगळी मांडामांड करायची का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी त्या वयाच्या पोराचा बाप अजून झालो नाही. पण आठ ते बाराच्या मधलं असेल, आणि घरातल्या कागदांवरची नावं आमच्यासारखीच असतील, तर मी चाक सावकाश फिरवीन.

जुन्या अकाउंटवर तीन वर्षांच्या स्किन्स आहेत. पोरगं अधूनमधून ते उघडतं, कपडे बघतं, बंद करतं. दाखल्यातली दुरुस्ती पोरगं दहावीला जायच्या आत करून घ्यायची म्हणतोय, तेव्हा जुनं अकाउंट तरी परत मिळेल का, असं त्यानं कालच विचारलं.