कॉर्व्हेअर की डॅटसन ५१०?

अमेरिकेत राहून जुनी छोटी गाडी बाळगायची हौस असेल, तर मी दोनच गाड्या समोरासमोर उभ्या करेन: १९६५ ते ६९ ची शेव्हरोले कॉर्व्हेअर आणि १९६८ ते ७३ ची डॅटसन ५१०. दोघींची मागची चाकं एकमेकांना न बांधलेली, स्वतंत्र सस्पेन्शनवरची. त्या काळी स्वस्त गाडीत ही चैनच होती. बाकी सगळं उलटं.

कॉर्व्हेअरचं इंजिन मागे, सहा आडव्या सिलिंडरांचं आणि हवेवर थंड होणारं. पाण्याचा रेडिएटरच नाही. १९६५ साली ग्राहकहक्कांसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांनी गाड्यांच्या सुरक्षेवरच्या पुस्तकात तिची अब्रू काढली ती १९६० ते ६३ च्या मॉडेलांवरून. ६५ पासून मागचं सस्पेन्शन नव्यानं बनलं. १९७२ मध्ये तर सरकारी अहवालानंच म्हटलं, की त्या जुन्या मॉडेलांचं वळणावरचं वागणंही तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हतं. पण तोवर गाडी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. या बदनामीचा फायदा आज आपल्याला: साठच्या दशकातल्या इतर अमेरिकन गाड्यांच्या मानानं ती अजून खिशाला झेपते. शिवाय मॅसॅच्युसेट्समध्ये फक्त कॉर्व्हेअरचे पार्ट विकणारं आख्खं दुकान आहे.

तिची खोड म्हणजे तेलगळती. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांवरची रबरी रिंग कडक होते, तेल तापल्या सिलिंडरवर ठिबकतं, आणि हीटर तिथलीच गरम हवा आत घेतो. म्हणून भर उन्हाळ्यात बघायला गेलात तरी हीटर लावा. जळक्या तेलाचा वास आला की भाव पाडायला मोकळे. पंख्याचा बेल्ट काटकोनात वळून धावतो. एक जादा बेल्ट आणि पाना डिकीत असू द्या. (डिकी पुढे आहे, हे लक्षात ठेवा.)

५१० चालवायला जास्त मजेची, यात मला शंका नाही. १.६ लिटरचं ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा वरच असलेलं) इंजिन, ९६ अश्वशक्ती, पुढे डिस्क ब्रेक. डॅटसन बनवणाऱ्या निस्सानच्या अमेरिकेतल्या कारभाराचे सूत्रधार युताका कातायामा यांनी मोठ्या इंजिनाचा हट्ट धरला म्हणून हे जमलं. १९७१ आणि ७२ मध्ये पीटर ब्रॉक यांच्या रेसिंग टीमकडून चालक जॉन मॉर्टन यांनी तिच्यावर ट्रान्स-ॲम या अमेरिकन रेसमालिकेतल्या छोट्या गाड्यांच्या गटाचं विजेतेपद पटकावलं.

त्या विजयानंच गिऱ्हाइकाचा घात केला. दोन दारांची ५१० दिसली, की लोक तिची रेसकार करतात. मूळ इंजिन, मूळ सीट असलेली सापडणं कठीण, सापडलीच तर महाग. चार दारांची घ्या, सस्पेन्शन तेच आहे. स्टेशन वॅगनला मात्र मागे स्वतंत्र सस्पेन्शन नाही, साधे पाटे आहेत, तिथे फसू नका.

पहिलीच जुनी गाडी असेल तर मी कॉर्व्हेअर म्हणेन. दर रविवारी घाटात पळवायची असेल तर ५१०. पण तिचा पत्रा गंजतो, तेव्हा बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा आणि मागच्या चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे.