गॅसची शेगडी की इंडक्शन? उष्णता भांड्यात किती, हवेत किती

स्वयंपाकासाठी गॅसच ठेवावा की इंडक्शन घ्यावे, हे ठरवताना आपण सिलिंडरची किंमत आणि विजेचे बिल समोर ठेवतो. परंतु विकत घेतलेल्या ऊर्जेपैकी पदार्थापर्यंत किती पोहोचते, हे त्याआधी पाहायला हवे.

भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी लागते. ही चाचणी मात्र बर्नरला साजेशा भांड्यावर होते. दोन कप चहाचे पातेले मोठ्या बर्नरवर ठेवले की ज्योत बुडाबाहेर येऊन कडेने वर चढते, सांडशीशिवाय पातेल्याला हात लावता येत नाही, मागची फरशीही तापते, आणि ती सारी उष्णता आपण पैसे मोजून घेतलेली असते. इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यामुळे भांड्याच्या बुडातच विद्युतप्रवाह निर्माण होऊन ते स्वतः तापते, म्हणून सुमारे 85 टक्के ऊर्जा भांड्यात उतरते. उरलेल्या ऊर्जेपैकी बरीचशी आतल्या भागांना तापवते. शेगडीतला पंखा तीच उष्णता बाहेर टाकत असतो.

आता पैशांचा हिशेब. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट ऊर्जा असते. 68 टक्क्यांनी त्यातील सुमारे 122 युनिट कामी येतात, आणि तेवढ्याच कामाला इंडक्शनवर 144 युनिट वीज लागते. आपल्याकडच्या सिलिंडरच्या किमतीला 144 ने भागावे. विजेचा दर त्याहून कमी असेल, तरच इंडक्शन स्वस्त पडते. इथे सरासरी दर धरणे चुकीचे ठरते. महावितरणच्या घरगुती बिलात 100 आणि 300 युनिटांनंतर दर चढतो, आणि इंडक्शनचे जादा युनिट नेमके वरच्या टप्प्यात पडतात. शिवाय प्रत्येक युनिटवर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क, असतो.

पर्यावरणासाठी बदल करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कोळशातील साधारण एक-तृतीयांश ऊर्जेचीच वीज होते; त्यामुळे घराच्या छतावर सौर पॅनेल असतील तर इंडक्शनची बाजू खरोखर भक्कम होते.

माझ्या मते पाणी, दूध, वरणभाताचा कुकर इंडक्शनवर आणि भाकरी, पापड, भरताचे वांगे गॅसवर, अशी वाटणी सोयीची आहे. खरेदीपूर्वी मात्र एक चुंबक घेऊन मांडणीवरच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहावे; तो चिकटेल तेच भांडे इंडक्शनवर चालते. साध्या अॅल्युमिनियमच्या कुकरला आणि तांब्या-पितळेच्या पातेल्यांना तो चिकटणार नाही, आणि नव्या भांड्यांचा तो खर्च शेगडीच्या किमतीत मिळवावाच लागेल.